बाटलीतली नीळ

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबा, परवा तुम्ही फोनवर विचारलंत, "पोरगी तिकडे करते काय, म्हणून लोक विचारतात. काय सांगू?" मी "कॅन्सरवर संशोधन" म्हणून मोकळी झाले. पण तेवढ्याने लोकांना वाटणार, मी औषध शोधतेय. मी गाठ फक्त दिसेल असं बघते.

आमच्याकडे एका चिमुकल्या बाटलीत निळं पाणी असतं. आई, पांढऱ्या कपड्यांना तू नीळ द्यायचीस ना, हुबेहूब तसं. त्यात सिलिकाचे, म्हणजे काचेच्या जातीचे कण असतात. एकेक 6-7 नॅनोमीटरचा. केसाच्या जाडीत दहा हजार सहज मावतील. कणाच्या पोटात चमकणारा रंग, वर गाठीच्या पेशींना धरणारे पेप्टाइडचे, म्हणजे प्रथिनाच्या छोट्या तुकड्यांचे हूक. चमक तांबडी, कारण रक्तामांसातून तांबडा प्रकाशच जास्त पार होतो. लोडशेडिंगमध्ये बॅटरीवर तळवा ठेवला की बोटं लालभडक दिसायची, आठवतंय?

पहिल्यांदा उंदराचा फोटो काढला, तर गाठीआधी मूत्राशयच झगमगलं. मला वाटलं, सगळं फसलं! पण तेच हवं असतं. एवढे बारीक कण किडनीतून बाहेर पडतात, मोठे यकृतात ठाण मांडतात.

हे कण इथे कॉर्नेल विद्यापीठात उलरिक विस्नर यांच्या गटाने घडवले, न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग या कॅन्सर हॉस्पिटलमध्ये मिशेल ब्रॅडबरी यांनी पेशंटपर्यंत नेले. मेलानोमाच्या, म्हणजे त्वचेच्या एका कॅन्सरच्या 5 पेशंटांवरची पहिली चाचणी 2014 मध्ये छापून आली. पुढे डोक्या-मानेच्या मेलानोमात, कॅन्सर पसरताना जिथे आधी पोचतो ती लसिकाग्रंथी (लिम्फ नोड) शोधायला सर्जननी ते वापरून पाहिले.

हे वाचताना मला तुझी काख आठवते, आई. तुझ्या सगळ्याच ग्रंथी काढल्या, आणि तेव्हापासून उजवा हात सुजतो, त्यात बांगडी चढत नाही. पहिली ग्रंथी शोधून तेवढीच तपासायची पद्धत तेव्हाही होती, साध्या निळ्या रंगाने. तुझ्या बाबतीत ती चालली असती का, हे मला इथून सांगता येणार नाही. आमच्या कणांनी तुझा हात वाचला असता, असंही म्हणणार नाही.

हातावर घालायची दाबाची बाही मात्र पाठवते. मनगट, कोपराखाली आणि दंड, तिन्हीची मापं कळवा. सकाळी उठल्या उठल्या घ्या, तेव्हा सूज कमी असते. आणि बाबा, टेप घट्ट ओढू नका.

तुमची,
मनू