सायकल पोचली, आता घाई नको

सातारा

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

टेम्पोवाल्याने तुझी लहानपणीची काळी ॲटलस सायकल न आपटता उतरवली, हे वाचून बरं वाटलं. आता ती पावडर कोटिंग करून चकाचक करायचा तुझा बेत तेवढा रद्द कर. दांडीवर सीटपासून वीतभर पुढे रंग उडून लोखंड दिसतंय ना, तिथे तुझी काख घासलेली आहे. उजवा पाय फ्रेमच्या त्रिकोणातून पलीकडे, डावा हात हँडलवर, उजव्या हाताची दांडीला मिठी. २२ इंची फ्रेम आणि २८ इंची चाकं, सीटपर्यंत तू पोचणार कशी? म्हणून दोन वर्षं मधून पाय घालूनच चालवलीस. रंग दिला की तो पट्टा गेला, आणि नळ्यांवरच्या ब्रशने ओढलेल्या सोनेरी रेघाही गेल्या. तिथे तेलाचा बोळा फिरव, गंज धरणार नाही. हँडलखालचा नगरपालिकेचा पत्र्याचा बिल्ला तसाच राहू दे. सायकलवर कर होता तेव्हाचा आहे तो.

रंगाचे पैसे टायर, छर्रे (बेअरिंगमधल्या पोलादी गोळ्या) आणि कॉटर पिना (पायडलचा दांडा म्हणजे क्रँक, तो मधल्या अक्सलला पक्का धरणाऱ्या पाचरी) यांच्यावर घाल.

टायर मागताना नुसतं ‘२८’ म्हणू नकोस. हल्लीच्या ७००सी टायरलाही दुकानात २८च म्हणतात आणि तो या रिमवर बसत नाही, व्यासात १३ मिलिमीटरचा फरक आहे. टायरच्या बाजूला २८ × १ १/२ किंवा ४०-६३५ असं छापलेलं बघूनच घे. ट्यूब चांगली असूनही रोज हवा उतरत असेल तर आधी व्हॉल्व्ह बघ. तोंडाशी थुंकीचं बोट लाव, बुडबुडा आला तर आतली व्हॉल्व्ह ट्यूब, म्हणजे व्हॉल्व्हच्या पिनेवरची बारीक रबरी नळी, कुजलीय. ती पिन बाहेर काढ, चिकटलेलं जुनं रबर नखाने खरवड, इंचभर नवा तुकडा ओला करून पिनेच्या गळ्यापर्यंत चढव. बाजूचं भोक झाकलं, पण गळा उघडा राहिला, तर हवा तिथूनच निघते.

पायडल मारताना दर फेऱ्याला एकदा ‘खट’ होतं म्हणालीस. ती कॉटर पिन. यात मेकॅनिकही घाई करतात, म्हणून जवळ उभी राहा. आदल्या रात्री पिनेवर रॉकेल किंवा गंज सोडवायचं तेल सोडून ठेवायचं. नट पूर्ण काढायचा नाही. तो पिनेच्या टोकाशी सपाट येईल इतकाच सैल करायचा, म्हणजे हातोडीने आटे फुलत नाहीत. क्रँकखाली, पिनेच्या अगदी शेजारी, जमिनीपर्यंत पोचणारा लोखंडी नळीचा तुकडा टेकू म्हणून उभा करायचा. टेकू नसेल तर घाव थेट आतल्या छर्ऱ्यांवर बसतो, कपात, म्हणजे छर्रे फिरतात त्या वाटीत, खळगे पडतात आणि मग पायडल कायमचं खरखरतं. घाव एकच, पण जोरात. दहा हलके घाव घालणाऱ्याच्या हातून हातोडी काढून घे.

नव्या पिना जोडीनेच घे. बसवताना क्रँक आडवे धरले तर एका पिनेचा नट वर आणि दुसऱ्याचा खाली यायला हवा. दोन्ही एकाच दिशेने घातल्या तर पायडलं एका रेषेत राहत नाहीत, चालवणारा लंगडतोय असं वाटतं. दहा-पंधरा किलोमीटर झाले की पिना पुन्हा ठोकून नट आवळायचे. हे विसरलीस तर ‘खट’ परत.

डावं पायडल उलट्या आट्यांचं असतं, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवलं की सुटतं. हे माहीत नसलेल्या जोरदार माणसांनी कितीतरी क्रँकची वाट लावली आहे.

ओव्हरहॉलिंग करताना छर्रे मोजूनच घालायला लाव: पुढच्या चाकात एका बाजूला ३/१६ इंची १०, मागच्या चाकात पाव इंची ९, मधल्या अक्सलला पाव इंची ११. एका छर्ऱ्याएवढी फट राहिली तरच ते मोकळे फिरतात. जुन्या-नव्यांची सरमिसळ नको, सगळा भार मोठ्यांवर येतो. कोन, म्हणजे अक्सलवरचा छर्ऱ्यांना दाबणारा निमुळता नट, पूर्ण आवळून थोडासा मागे घ्यायचा. चाक उचलून सोडलं की व्हॉल्व्ह आपल्या वजनाने झुलत झुलत खाली येऊन थांबला पाहिजे. मध्येच अडला तर कोन घट्ट आहे, आणि रिम हाताने डावी-उजवी हलली तर सैल. आत ग्रीसच. घरात आहे म्हणून खोबरेल घालशील, ते थंडीत थिजतं.

चेनच्या २४ कड्या पट्टीवर मोज. १२ इंच भरल्या तर ठीक, १२ १/८ झाल्या तर चेन गेली, आणि बहुधा फ्रीव्हील, म्हणजे मागचं दातेरी चक्रही. झिजलेल्या दातांवर नवी चेन चढावर उडते.

ब्रेक सळ्यांचे आहेत, ते कोणाला केबलचे करू देऊ नकोस. रबर रिमच्या आतल्या बाजूला लागतं, म्हणून तिथला गंज बारीक स्टील वूलने काढ. पावसात मात्र ओल्या पोलादी रिमवर ते धरत नाहीत, उतारावर आधीच दाबायला लागायचं.

ॲटलसचा शेवटचा कारखाना ३ जून २०२० ला, नेमक्या जागतिक सायकल दिनी, थांबला. पण सुट्या भागांची काळजी नको. काळ्या सायकलींची मापं जवळपास सारखीच, एकीचं दुसरीला चालतं. आऱ्या मात्र पुढे ३२ आणि मागे ४०, रिम बदलायची वेळ आली तर भोकं मोजून घे.

लेकाला सीटवर बसवायची घाई करू नकोस. मधून पाय घालू दे. चेन कव्हर तेवढं आधी लाव, नाहीतर पँटची कड अडकते.

कोन पाना आणि व्हॉल्व्ह ट्यूबचं भेंडोळं बिस्किटाच्या डब्यात घालून पाठवलंय. पंपाचा वायसर वाळलाय, तो तेलात भिजत घातलाय. दिवाळीला आलीस की घेऊन जा.

तुझी,
आई