वक्री शुक्र आणि आजीच्या वाट्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत चौकट वाचली : शुक्र वक्री, म्हणजे आकाशात उलटा चालताना दिसत असताना सोनं घेऊ नये, लग्न ठरवू नये, तुटलेली जुनी प्रेमं परत येतात. गुजरीत, म्हणजे आमच्या सराफ बाजारात, बसून सोनारकाम करायला लागून मला 40 वर्षं झाली. गिऱ्हाईक जाऊ नये म्हणून हा बोलतोय असं कुणी म्हणेल. म्हणू दे, तेही खोटं नाही.

2025 च्या मार्चमध्ये एक मुलगी आणि तिचा होणारा नवरा दुकानात आले. तिनं रुमालातून आजीचं डोरलं, म्हणजे मंगळसूत्राच्या दोन वाट्या, काढलं. एक वाटी माहेरची, एक सासरची. माहेरची वापरून वापरून कडेला कागदासारखी झालेली, आत भरलेली लाख दिसायला लागलेली. याच वाट्या खाली ठेवून वर 15 ग्रॅमची नवी पोत करायची, असं ठरलं. शुद्ध सोनं तेव्हा तोळ्याला 87 हजारांच्या आसपास होतं. मी आगाऊ रकमेची पावती फाडणार, एवढ्यात तिनं मोबाईल बघितला आणि म्हणाली, "काका, शुक्र वक्री आहे, आत्ता नको." पोरगं गप्प. त्यानं वर्षभर साठवलेले पैसे खिशातच राहिले. मधे 30 मार्चला गुढीपाडवा आला. गुजरीत पाय ठेवायला जागा नव्हती, ही दोघं मात्र घरी.

शुक्र मार्गी, म्हणजे पुन्हा सरळ, झाला 13 एप्रिलला. दोघांची रजा जुळून ते आले नेमके 22 तारखेला, सोनं लाखावर गेलं त्या दिवशी. पैसे तेवढेच, म्हणून 15 ची पोत 13 ग्रॅमवर आली. आजीच्या वाट्या मोडीत घालून तूट भरून काढू का, असं मी विचारलं, कारण विचारणं माझं काम. दोघंही एकदमच "नाही" म्हणाले. मग त्या पातळ कडेला डाक लावली, म्हणजे डागून सांधली, लाख नव्यानं भरली आणि मणी गाठवायला पटवेकऱ्याकडे धाडले. लग्नात वाट्या उलट्या घालायच्या की सुलट, यावर मात्र दोन्ही घरांत आठवडाभर चर्चा चालली, ते वेगळं.

माझे वडील पंचांग बघूनच कामाला हात घालायचे. ते अस्त बघायचे, वक्री नव्हे. गुरू-शुक्र सूर्याच्या जवळ जाऊन दिसेनासे होतात, तेव्हा लग्नाचे मुहूर्त नसतात, हे आपल्याकडे पूर्वीपासून चालत आलंय. उलट वक्री ग्रहाला चेष्टाबल नावाचं बळ मिळतं, म्हणजे तो बलवान धरतात. गेल्या वेळी तर शुक्र मीनेत, स्वतःच्या उच्च राशीत होता. उच्चीचा ग्रह वक्री झाला की नीचासारखी फळं देतो असं म्हणणारे जोशीही आहेत. पण दागिना घडवू नका, असं मला आजवर एकाही जोशानं सांगितलेलं नाही. ही भीती मोबाईलमधून आली आहे. आधी बुधाची आली होती, आता शुक्राची.

आणि तो काही खरोखर मागे जात नाही. शुक्राचा सूर्याभोवतीचा फेरा 225 दिवसांचा, आपला 365 चा. सुमारे 584 दिवसांनी तो आतल्या बाजूनं आपल्याला ओलांडतो, तेव्हा सहा आठवडे उलटा चालल्यासारखा दिसतो. 2023 साली असाच अधिक श्रावणात वक्री होता. जावयांनी तेव्हा चांदीची निरांजनं बिनतक्रार घेतली.

हे आत्ता लिहायचं कारण, 3 ऑक्टोबर 2026 पासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत शुक्र पुन्हा वक्री आहे. 20 ऑक्टोबरचा दसरा त्यात येतो, 10 नोव्हेंबरचा पाडवाही. साडेतीन मुहूर्तांतले दीड! ज्यांना थांबायचंय त्यांनी खुशाल थांबावं, श्रद्धेला माझी हरकत नाही. पण भाव काही शुक्रासाठी थांबत नाही, हे त्या चौकटीत कुठं नव्हतं. पुढच्या वेळी वक्रीच्या तारखा छापाल तेव्हा शेजारी अस्ताच्याही छापा, म्हणजे लोक निदान योग्य गोष्टीला घाबरतील.

दसऱ्याला गुजरीत येणाऱ्यांनी गाडी मात्र लांबच लावावी. आत शिरली तर वळवायला जागा नाही.

आपला,
एक सोनार, गुजरी, कोल्हापूर