स्की शिकायची तर नाताळात नको, एप्रिलमध्ये जा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

दिवाळीच्या आधीपासूनच नाताळातल्या फिनलंड-नॉर्वे सहलींच्या जाहिराती सुरू होतात आणि त्यांत स्कीइंगचे फोटो ठळक असतात. त्या दिवसांत फिनलंडच्या उत्तरेकडील लॅपलँडमधल्या लेवी या स्की-केंद्रात सूर्य क्षितिजावर येतच नाही. दुपारी थोडा संधिप्रकाश, बाकी काळोख. उतारांवर दिवे असतात आणि सराव असलेल्यांचे त्यात भागते. नवख्याला मात्र बर्फाचे चढउतार नीट दिसत नाहीत, आणि पारा उणे २० पर्यंत घसरला की बोटे बधिर होऊन शिकणेच थांबते. आकाशातला ध्रुवीय प्रकाश (ऑरोरा) पाहायचा असेल तर डिसेंबरात जरूर जावे. स्की शिकायला एप्रिलच चांगला, आणि तो आपल्या शाळांच्या परीक्षांनंतरही साधता येतो.

फिनलंडमधले लेवी व रुका, स्वीडनच्या उत्तर टोकाचे रिक्सग्रेन्सेन इथल्या, स्की करणाऱ्यांना उताराच्या माथ्यावर नेणाऱ्या लिफ्ट साधारणपणे मे उजाडेपर्यंत चालतात. एप्रिलच्या मध्याला लेवीत सुमारे १५ तास उजेड असतो. पण वेळ सांभाळावी लागते. रात्री गोठलेला बर्फ सकाळी टणक व घसरडा असतो, दहाच्या सुमारास वरचा थर मऊ होतो आणि दुपारी दोननंतर पाणी सुटून जड होतो. त्यात स्की रुतते आणि गुडघा पिरगळतो. म्हणून शिकवणी दहा ते एक घ्यावी. ताजा बर्फ ऊन परतवतो, त्यामुळे सनस्क्रीन हनुवटीखाली आणि नाकपुड्यांशीही लावावे.

ईस्टरचा आठवडा टाळा. २०२७ मध्ये ईस्टर २८ मार्चला आहे. नॉर्वेची कुटुंबे तेव्हा डोंगरातल्या घरांकडे निघतात, खोल्या महागतात, आणि गुरुवार, शुक्रवार, रविवार, सोमवार बहुतेक दुकाने बंद असतात. फेब्रुवारीतही तिन्ही देशांत शाळांच्या हिवाळी सुट्ट्या पाळीपाळीने येतात. तेव्हा प्रशिक्षक मिळणे कठीण.

सर्वाधिक त्रास होतो तो भाड्याच्या बुटांचा. पावलाची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजून सांगावी. आत एकच पातळ लोकरी मोजा घालावा, कारण दोन घातले की रक्त अडते आणि पाय उलट जास्त गारठतो. उभे राहिल्यावर बोटे बुटाला जेमतेम टेकावीत, गुडघे वाकवल्यावर सुटावीत, टाच मात्र उचलता कामा नये. वजन खरे सांगा, संकोच नको. बूट स्कीला धरून ठेवणारे बाइंडिंग किती जोराला सुटावे, हे वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि कौशल्य यांवर ठरते. वजन कमी सांगितले तर स्की भलत्या वेळी निघते, जास्त सांगितले तर पडताना निघत नाही आणि गुडघ्याचा लिगामेंट (हाडे जोडणारा पट्टा) तुटतो. नवख्याची स्की हनुवटीपर्यंत येईल एवढी लांब पुरे.

आत सुती बनियन आणि जीन्स चालणार नाहीत. घामाने ओले झालेले सूत अंगावर गार पडते. उणे १० तापमानात ताशी ३६ किलोमीटर वारा असला, तर अंगाला थंडी उणे २० ची लागते.

शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतोच, पण अनेक पॉलिसी हिवाळी खेळ वगळतात. स्कीइंग त्यात आहे का, हे लेखी विचारावे. आखलेल्या उतारांबाहेर जाऊ नये. ३० अंशांहून तीव्र चढणीवर हिमकडा कोसळू शकतो, आणि एप्रिलच्या उन्हात ओल्या बर्फाने हा धोका दुपारी वाढतो. नॉर्वेत रुग्णवाहिकेचा क्रमांक ११३, स्वीडन-फिनलंडमध्ये ११२.

सहल-कंपन्यांनी जाहिरातीत निदान एवढे छापावे: त्या तारखांना उजेड किती तास, शिकवणी किती तास, लिफ्ट पास, बूट व हेल्मेट दरात आहेत की वेगळे, आणि विम्यात स्कीइंग धरले आहे का.

– काही वाचक, ओस्लो