कचऱ्याला सहा डबे, पासवर्ड मात्र एकच

मा. केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्री महोदय,
सादर नमस्कार.

इंदुरातल्या आमच्या भागातल्या एका सुविधा केंद्रात दिवाळीपर्यंत प्रत्येक ऑपरेटरला स्वतंत्र लॉगिन मिळणार होतं. दिवाळी गेली, फराळाचे डबे रिकामे झाले. पासवर्डची चिठ्ठी मॉनिटरला चिकटलेली ती चिकटलेलीच. एका खात्यावर चार माणसं. ओटीपी मालकाच्या फोनवर येतो आणि तिथून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडतो. म्हणजे दुसरं कुलूप लावायचं आणि त्याचीही किल्ली खिळ्याला टांगायची!

काम सोडून गेलेल्या मुलाचा नंबर खात्याच्या रिकव्हरीत तसाच राहतो. पासवर्ड बदला खुशाल. 'पासवर्ड विसरलो' दाबून तो घरबसल्या नवा घेईल. ब्राउझरनं जपलेला पासवर्ड सेटिंगमध्ये वाचता येतो, ते वेगळंच. आणि डाउनलोडच्या फोल्डरात आमच्या ई-आधारच्या पीडीएफ साचलेल्या. त्यांना पासवर्ड असतो म्हणे! नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल. दोन्ही शेजारी पडलेल्या अर्जावर.

सर्ट-इन म्हणजे सायबर सुरक्षेची आपलीच सरकारी संस्था. तिचा 28 एप्रिल 2022 चा आदेश सांगतो, संगणक यंत्रणेच्या नोंदी (लॉग) 180 दिवस ठेवा. ठेवा की! प्रत्येक ओळीत एकच नाव निघेल. उद्या कुणाच्या कागदांवर कर्ज उचललं गेलं, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66सीखाली, दुसऱ्याची ओळख चोरल्याबद्दल, तीन वर्षांपर्यंतची कैद कुणाला? चिठ्ठीला?

मागणं फार नाही. माणशी एक लॉगिन, कोड त्याच्याच फोनवरच्या ऑथेंटिकेटरमधून, म्हणजे कोड तयार करणाऱ्या अ‍ॅपमधून. माणूस गेला की त्याच दिवशी खातं बंद, उघडी राहिलेली लॉगिनंही बंद. दहा मिनिटं हात लागला नाही की स्क्रीन लॉक. अर्जात मोबाइल आणि ईमेल अर्जदाराचाच. यात उद्घाटनाजोगं काही नाही, हीच अडचण असावी.

कायदे मात्र भरपूर. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात 250 कोटी रुपयांपर्यंत दंड, तो जमा होणार भारताच्या संचित निधीत. कंपन्यांकडून भरपाई मिळवून देणारं माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं जुनं कलम 43अ वगळण्याची तरतूदही त्याच कायद्यात. वर कलम 17 मध्ये सरकारी यंत्रणांना सूट द्यायची वाट. कागद आमचे फुटणार, दंड तुमच्या तिजोरीत, सूटही तुमच्याच घरात! तीन-तीन तास रांगेत उभं राहून आम्ही हेच कमावलं. हे शहर कचरा सहा प्रकारांत वेगळा करतं. चार लॉगिनं वेगळी करायला कुठल्या सर्वेक्षणाची वाट पाहायची?

उत्तर द्यायचं झालंच तर पोस्टानं द्या. आमच्या अर्जांवर ईमेल केंद्राचाच आहे.

आपला,
एक इंदूरकर