नाना, तुमची पक्कड आमच्याकडेच राहिली

आदरणीय नाना,
सा. न. वि. वि.

तोंडावर आभार मानले की तुम्ही ‘चल, चहा टाक’ म्हणत विषय उडवून लावता. म्हणून हे उघड पत्र. आपल्या धुळ्याच्या देवपुरातल्या निम्म्या लोकांना ओट्यावरची आपली भांडणं ठाऊक आहेतच, उरलेल्यांनाही आता कळू द्या.

गच्चीवर तीन किलोवॉटचं सोलर बसवलं तेव्हा माझा हिशेब सरळ होता. किलोवॉटला रोजचे साधारण चार युनिट, म्हणजे बारा. त्यात हे धुळ्याचं ऊन! पण एप्रिल उजाडला तरी मोबाईलवरचा आकडा नऊच्या पुढे सरकेना. बसवून देणाऱ्याला फोन केला तर म्हणे, “साहेब, ऊन जास्त झालं.” मला वाटलं चेष्टा करतोय. त्यात थोडं तथ्य होतं, हे पुढे तुम्हीच सांगितलंत. पॅनलला उजेड हवा, तापणं नको, काच तापली की वीज घटते. पण त्याने तीन-तीन युनिट जात नाहीत.

तुम्ही मुद्दाम दुपारी साडेतीनला आलात. डोक्याला रुमाल, हातात नुसती पक्कड, मीटर नाही की काही नाही. जिन्याच्या आडोशाला उभे राहून दहा मिनिटं गप्प बघत राहिलात. मी तेवढ्यात इन्व्हर्टर बदलायचा खर्च मनात मांडून बसलो होतो. मग म्हणालात, “तुनी टाकीच तुनी वीज खाई राहिनी.” हजार लिटरच्या काळ्या टाकीची सावली दोन पॅनलच्या कोपऱ्यावर चढत होती. जेमतेम हातभर! पण सगळी पॅनलं एकाच वायरीत ओवलेली, एक सुस्तावलं की अख्खी ओळ रेंगाळते. “एक बैल बसला तर दुसरा गाडी कशी ओढीन?” एवढ्यावर तुम्ही विषय संपवलात.

रविवारी टाकी उत्तरेच्या कोपऱ्यात गेली. त्यात आईची तक्रार, की मग बिबड्या, म्हणजे आपले ज्वारीचे पापड, कुठे वाळवायच्या? तो कोपरा तिचा होता. तुम्ही पूर्वेकडची पट्टी तिला मोकळी करून दिलीत आणि निघताना ओल्या बिबडीचा गोळा मागून खाल्लात, तेव्हा कुठे ती हसली. आठवड्याभरात आकडा बाराच्या वर गेला. त्याच दिवशी अर्थिंगचा खड्डा उकरून पुन्हा मीठ-कोळसा भरायला लावलात. उन्हाळ्यात तिथे बादलीभर पाणी ओतत जा, हे तुमचं सांगणं मी पाळतो. बहुतेक वेळा.

खरे आभार मात्र दुसऱ्याच गोष्टीचे. मे महिन्यात भर दुपारी लाइट गेली आणि आमचाही पंखा बंद पडला. गल्लीत हशा. “सूर्य डोक्यावर अन् सोलरवाले अंधारात!” मी चिडून म्हणालो की फसवलं आपल्याला. तेव्हा तुम्ही ओट्यावर बसून शांतपणे विचारलंत, “मी पोलवर चढेल राहतू, लाइन बंद समजीसन हात लावतू, अन् तुन्या गच्चीवरून करंट येता तर?” लाइन गेली की आपलं सोलर आपोआप थांबतं ते यासाठी. माहितीपत्रकात हे एका ओळीत होतं, मी ते वाचलंही होतं. पण तुमच्या उजव्या तळव्यावरचा भाजल्याचा जुना डाग तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिला. कधी विचारलं नव्हतं, तुम्हीही सांगितलं नव्हतं.

आता राजकारण. 2024 मध्ये साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत झाली तेव्हा मी ओट्यावर तावातावाने बोललो होतो, की फुकटची सवय लागते. तुम्ही विचारलंत, “तुला सोलरला किती भेटले?” केंद्राच्या सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला 78 हजार अनुदान मिळतं, ते मी घेतलेलं. त्या दिवशी मी गप्प बसलो, नाना. पण माझं अर्धं म्हणणं अजून कायम आहे. शेतकऱ्याला फुकट विजेपेक्षा दिवसाची वीज हवी. रात्री दोनला पाणी भरायला जाणाऱ्याला बिलापेक्षा सापाची आणि बिबट्याची धास्ती जास्त असते. त्या कामाला सोलर आलं तर ते मला माझ्या गच्चीपेक्षा मोठं वाटतं. साक्रीकडे आपल्याच जिल्ह्यात पवनचक्क्या फिरतात, तिथल्याच शिवाजीनगरला सव्वाशे मेगावॉटचा सौर प्रकल्प आहे, आणि त्याच भागातला माझा मामेभाऊ थंडीत मफलर गुंडाळून रात्रीच मोटार चालू करायला जातो. यावर तुमचा पक्ष काय म्हणतो ते सांगा. माझा काय म्हणतो ते विचारू नका, मला तोही पटत नाही.

रविवारी या. शेवभाजी आहे, तिखट तुमच्या बेताचं. आईने पहिल्या घाण्याच्या बिबड्या बाजूला काढून ठेवल्यात. आणि पक्कड देवळीत ठेवली आहे, मुलाला हात लावू दिलेला नाही.

तुमचा,
समोरच्या ओट्यावरचा