पेपर टाकलेत, पण गोळ्या चुकवू नका

ती. आई-बाबांना सा. न.

फोनवर सांगितलं असतं तर बाबांनी "बरं" म्हणून फोन आईकडे दिला असता आणि आई रडली असती. म्हणून लिहिते आहे. सोमवारी मी ऑफिसात पेपर टाकले. बाबा, वर्तमानपत्र नव्हे, राजीनामा. नोटीस संपली की एका छोट्या गेम स्टुडिओत जाणार आहे, गोष्टी आणि संवाद लिहायला. पगार निम्मा. पण घरी येणारे पैसे त्याच तारखेला आणि तेवढेच येतील, दोन वर्षांची सोय वेगळी काढून ठेवली आहे. मेडिक्लेमचा हप्ताही कालच भरला. दादाच्या झेरॉक्सच्या दुकानासारखं होणार नाही. (हे त्याला वाचून दाखवू नका.)

हे खूळ आजचं नाही. 'बाल्डर्स गेट'च्या पाच सीड्या आठवतात? मध्येच तो कॉम्प्युटर दुसरी सीडी मागायचा आणि मी ताटावरून उठून धावायचे. भारनियमनाच्या वेळा बाबांनी कॅलेंडरवर लिहून ठेवलेल्या. वीज जायला पाच मिनिटं उरली की ते अंगणातून ओरडायचे, "क्यू दाब, क्यू!" क्यू दाबला की खेळ होता तिथे सेव्ह व्हायचा. बाबा, तुम्हाला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण माझा एकही डाव तुम्ही बुडू दिला नाहीत.

आणि 1999 चा तो 'प्लेनस्केप: टॉर्मेंट'. एक माणूस शवागारात जागा होतो, स्वतःचं नावसुद्धा विसरलेला. मरण येत नाही म्हणून पुन्हा पुन्हा उठतो. सुमारे 8 लाख शब्द होते त्या खेळात. तलवारीपेक्षा बोलण्यालाच जास्त धार, अगदी शेवटच्या शत्रूलाही नुसतं बोलून नमवता यायचं. बाबांचा इंग्रजी-मराठी कोश मांडीवर घेऊन मी वाचायचे आणि आईला मराठीत सांगायचे. त्यातली म्हातारी चेटकीण विचारते, माणसाचा स्वभाव कशानं बदलतो? आई, तू मटार सोलत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "सासुरवासानं."

पडद्यावरच्या उत्तरांत ते नव्हतं. मी खूप हसले होते तेव्हा. आई, ते उत्तर तिथे असायला हवं होतं गं. तेच लिहायला चालले आहे.

नानाकाका म्हणतीलच, शिकून वाया गेली. त्यांना सांगा, 'बाल्डर्स गेट' ज्यांनी केला ती बायोवेअर 1995 मध्ये कॅनडात निघाली, आणि ती काढणाऱ्यांत तिघे चक्क डॉक्टर होते. नको, राहू दे. मीच सांगेन, उगाच तुम्हाला ऐकून घ्यावं लागेल.

आता नीट ऐका. बाबांनी टाकी बघायला गच्चीवर चढायचं नाही. लोणच्याची एकच फोड, आणि "आज बरं वाटतंय" म्हणून बीपीची गोळी चुकवायची नाही. आई, गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवायला आणलेला नाही. पोळ्यांच्या मावशींना सुट्टी देऊन स्वतः लाटत बसू नकोस.

रागावला असाल तर दोन दिवस रागवा, तिसऱ्या दिवशी फोन करा. दिवाळीला येतेच आहे. तोवर माळ्यावरचा सीड्यांचा डबा भंगारवाल्याला देऊ नका. चौथीवर चरा आहे, तरी असू दे.

तुमची,
चिमी