वैमानिकांना पदवीची सक्ती नको: नागरी विमान वाहतूक राज्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मुरलीधर मोहोळ,
केंद्रीय नागरी विमान वाहतूक राज्यमंत्री, नवी दिल्ली

महोदय,
स. न. वि. वि.

मी कोल्हापुरातील एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. उजळाईवाडीच्या विमानतळावरून विमानांची ये-जा वाढली, तशी पायलट व्हायचे म्हणणारी मुलेमुली माझ्या वर्गात दिसू लागली आहेत. त्यांचे पालक एकच प्रश्न विचारतात: आधी ग्रॅज्युएट होऊ द्यावे का? प्रवाशांचे जीव ज्याच्या हाती, तो निदान पदवीधर असावा, असे मत अनेक सुशिक्षित माणसेही मांडतात. त्यामागची काळजी मला समजते. तरीही अशी सक्ती कधीही करू नये, अशी माझी आपणास विनंती आहे.

व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी आज बारावीपर्यंतचे भौतिकशास्त्र व गणित, वयाची 18 वर्षे, प्रथम वर्गाची वैद्यकीय तपासणी, डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) लेखी परीक्षा आणि 200 तासांचे उड्डाण लागते. नेव्हिगेशनच्या अभ्यासातले एक उदाहरण सांगतो. 120 नॉट (ताशी सागरी मैल) वेगाच्या विमानाला बरोबर बाजूने 20 नॉटचा वारा लागत असेल, तर ठरलेल्या मार्गावर राहण्यासाठी विमानाचे नाक वाऱ्याकडे सुमारे 10 अंश वळवावे लागते. हे गणित अकरावीत शिकवल्या जाणाऱ्या सदिशांच्या बेरजेने सुटते. ते हवेत, रेडिओवर बोलता बोलता सोडवण्याची सवय मात्र उड्डाणाच्या सरावानेच लागते. इतिहासाची किंवा वाणिज्य शाखेची तीन वर्षे तिथे उपयोगी पडत नाहीत.

अमेरिकेचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. फेब्रुवारी 2009 मध्ये बफेलोजवळ कोलगन एअरचे विमान कोसळून 50 जणांचा मृत्यू झाला. विमान स्टॉल होऊ लागल्याचा, म्हणजे पंखांना मिळणारी उचल कमी पडू लागल्याचा, इशारा मिळाल्यावर कॅप्टनने नाक खाली करण्याऐवजी नियंत्रणदांडा मागे ओढला होता. त्यानंतर तिथे कायदा कडक झाला, पण त्याने वैमानिकांकडून साधारणतः 1,500 तासांचा उड्डाण-अनुभव मागितला, पदवी मागितली नाही. विमानचालनातील मान्यताप्राप्त पदवी असल्यास तासांत सवलत मिळते, एवढेच. डेल्टासारख्या मोठ्या कंपनीनेही 2022 मध्ये भरतीतील चार वर्षांच्या पदवीची अट काढून टाकली.

सक्तीचा भार कोणावर पडेल, हेही पाहावे. उड्डाण प्रशिक्षणाला आधीच लाखो रुपये लागतात आणि साडेसात लाखांपुढील शैक्षणिक कर्जाला बँका सर्वसाधारणपणे तारण मागतात. करवीर किंवा शिरोळ तालुक्यातील शेतकऱ्याकडे तारण म्हणून बहुधा जमीनच असते. त्यावर पदवीची तीन-चार वर्षे आणि त्यांचा खर्च लादला, तर मुंबई-पुण्यातील सधन घरांना फारसा फरक पडणार नाही. आमच्याकडची मुले मात्र अर्जापर्यंतही पोहोचणार नाहीत.

पदवीच्या बाजूने एक मुद्दा मात्र मला खरोखर वजनदार वाटतो. मेडिकल, म्हणजे वैद्यकीय पात्रता, गेली की वैमानिकाचे उत्पन्न थांबते, मग तो कितीही निष्णात असो. शिवाय किंगफिशर 2012 मध्ये, जेट एअरवेज 2019 मध्ये आणि गो फर्स्ट 2023 मध्ये जमिनीवर आली, तेव्हा वैमानिकांसह हजारो कर्मचाऱ्यांची घरे अडचणीत आली. अशा वेळी हाताशी पदवी असणे मोलाचे ठरते. परंतु ही सोय वैमानिकाच्या स्वतःच्या आयुष्यासाठी आहे. परवान्याची किंवा नोकरीची अट म्हणून ती घालणे योग्य नाही.

म्हणून माझी मागणी अशी आहे. आपल्या मंत्रालयाने विद्यापीठ अनुदान आयोगाशी बोलून डीजीसीएच्या उत्तीर्ण विषयांना आणि उड्डाण प्रशिक्षणाला पदवीसाठी श्रेयांक मिळवून द्यावेत. शिवाजी विद्यापीठासारख्या विद्यापीठांतून उरलेले विषय दूरशिक्षणाने, नोकरी सांभाळून पूर्ण करता यावेत. प्रवेशासाठी बारावीची शाखा कोणती असावी, यावर स्वतंत्र चर्चा जरूर व्हावी, पण भौतिकशास्त्र आणि गणिताची परीक्षा कोणत्याही मार्गाने आलेल्या उमेदवारासाठी सैल होऊ नये. येत्या प्रवेशवर्षापूर्वी याबाबत मंत्रालयाची भूमिका जाहीर झाली, तर बारावीच्या निकालानंतर आमच्याकडे येणाऱ्या पालकांना आम्हाला ठाम उत्तर देता येईल.

आपला विश्वासू,
एक शिक्षक, कोल्हापूर